माझे बोलणे पुरे होईपर्यंत थांबलेल्या वायरमनना

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मी विचारले नाही, याची रुखरुख अजून आहे, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहिते आहे. 16 मे 2021 च्या रविवारी तौक्ते वादळ आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि मंगळवारी तिन्हीसांजेला तुम्ही आमच्या वाडीत तारा जोडायला आला होतात. डोक्यावर पिवळे हेल्मेट, गुडघ्यापर्यंत चिखल आणि बोलणे घाटावरचे, एवढीच खूण माझ्यापाशी आहे. त्या खुणेवरून ओळखून कोणी तुम्हाला हे वाचून दाखवले, तर माझे काम झाले.

मी 66 वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि मला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुना आजार आहे. आयुष्यात मी विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी डॉक्टरांसकट प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. माझा धूर चुलीचा होता. लहानपणापासून पंचवीस-तीस वर्षे, आणि पावसाळ्यात तर ओली लाकडे नि नारळाची सोडणे फुंकणीने फुंकून, आम्ही बायकांनी तो धूर गिळला, आणि त्याला कोणी व्यसन म्हटले नाही म्हणून त्याची गणतीही झाली नाही. या आजारात श्वास आत घेता येत नाही असे लोकांना वाटते, पण खरी अडचण तो बाहेर सोडण्याची असते. ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखा, तो हळूहळू सोडावा लागतो आणि मग तीन-चार शब्द बोलण्यापुरती हवा हाताशी येते. पस्तीस वर्षे वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या बाईचे बोलणे आता असे तुकड्यातुकड्यांनी होते.

महामारीच्या काळात या तुकड्यांचे हाल झाले. घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि 94 च्या खाली आकडा गेला की धावपळ करा, असे सगळ्यांना पाठ झाले. माझा आकडा चांगल्या दिवशी 90 असतो. तो 88 ते 92 च्या मध्येच ठेवा, जास्त ऑक्सिजन दिला तर आतला कार्बन डायऑक्साइड साठून मी गुंगीत जाईन, असे माझ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले आहे. एप्रिलमध्ये दम वाढला, तेव्हा तो कागद घेऊन मी एका खाजगी रुग्णालयाच्या दारात गेले. दारातल्या माणसाने माझ्या बोटाला चिमटा लावला, 87 वाचले आणि लांबूनच ओरडून विचारले, "कधीपासून त्रास आहे?" मी म्हटले, "आकडा माझा नेहमीच..." आणि श्वासासाठी थांबले. तेवढ्यात त्याने आत वर्दी दिली की पॉझिटिव्ह पेशंट आहे. पुढचे दोन तास मी कोविडच्या रांगेतल्या खुर्चीवर काढले, तो कागद कोणीही हातात घेतला नाही आणि माझा अहवाल निगेटिव्ह आल्यावर "मग इथे कशाला आलात?" असेही ऐकवले गेले. त्यांच्यावर कामाचा डोंगर होता हे मला कळते. डोंगराखाली असलेल्या माणसाला कागदाच्या चार ओळी वाचता येत नाहीत, हे मात्र मला अजून पटलेले नाही.

तर त्या मंगळवारकडे येते. माझे मशीन हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन पुरवते. सिलिंडरसाठी लोक जिल्हाभर फिरत होते, त्या दिवसांत या मशीनमुळे मी निर्धास्त होते. एका नातलगाने ते "चार दिवसांपुरते" मागूनही पाहिले होते. पण त्याला वीज लागते. रविवारी सकाळी वीज गेली, दुपारपर्यंत इन्व्हर्टर दमला आणि उरला तो 1,500 लिटरचा छोटा सिलिंडर. मिनिटाला दीड लिटरच्या जागी एक लिटर घेऊन, मधूनमधून तोही बंद ठेवून, शिक्षकी हिशेबाने मी तो मंगळवारच्या सकाळपर्यंत ओढला. पुरवठादाराला शनिवारीच फोन केला होता, पण "हॅलो" नंतर मी श्वास घ्यायला थांबले की तिकडून फोन ठेवला जाई. तिसऱ्यांदा यजमान बोलले, तर म्हणे आता वादळानंतर बघू.

संध्याकाळी वाडीत एकेक दिवा लागला, पोरांचा गलका झाला, शेजारचा पंपसुद्धा सुरू झाला आणि आमच्या पडवीतला बल्ब तसाच काळा राहिला. आमचा माड नेमका आमच्याच सर्व्हिस वायरवर पडला होता. यजमान फोनला रेंज मिळते का ते पाहायला सड्यावर गेले होते आणि तुमची गाडी वळत होती. मी भिंत धरून अंगणाच्या कडेला आले, हात वर केला आणि त्याच क्षणी खोकल्याची उबळ आली. खोकणारे माणूस दिसले की त्या दिवसांत लोक कसे मागे सरत, ते तुम्हालाही ठाऊक आहे. गाडीतून कोणीतरी "चल, चल" म्हणाले. तुम्ही खाली उतरलात, मास्क नाकावर नीट ओढलात, आमच्या पडवीच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "मावशी, गडबड नाही. तुमचं होऊ दे निवांत."

घरात मशीन आहे, त्यावर माझा श्वास चालतो, सिलिंडर सकाळी संपला, आणि आमचीच वायर तुटली आहे, एवढेच मला सांगायचे होते. मला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. मध्ये दोनदा मी नुसतीच त्या पडलेल्या माडाकडे पाहत उभी होते. तुम्ही घड्याळ पाहिले नाही, मान डोलावून घाई केली नाहीत आणि "म्हणजे लाइट नाही, एवढंच ना?" असे म्हणून माझे वाक्य माझ्या तोंडून काढूनही घेतले नाहीत. आमच्यासारख्यांचे वाक्य दुसरा पुरे करतो तेव्हा बहुतेक वेळा चुकीचेच करतो. पॉझिटिव्ह पेशंट हे तसेच दुसऱ्याने पुरे केलेले वाक्य होते. तुमच्यासमोर बसून मला चौथीतला एक तोतरा मुलगा आठवला. त्याच्या उत्तरांचा शेवट मी वर्षभर स्वतःच करून टाकत असे, आणि त्यात मदत केल्याचे समाधानही मानत असे.

वायर तुम्ही कशी जोडलीत, ते मला कळले नाही आणि कळायचे कारणही नाही. मशीन घुरघुरू लागले तेव्हा तुम्ही सामान गोळा करून निघणार, असे मला वाटले. पण त्यावरचा दिवा पिवळा दिसला म्हणून तुम्ही कारण विचारलेत, हिरवा व्हायला पाच मिनिटे लागतात असे मी सांगितल्यावर पुन्हा त्याच पायरीवर बसलात आणि दारातूनच माझ्या बोटाच्या आकड्याकडे पाहत राहिलात. गाडीचा भोंगा दोनदा वाजला. 83 होते, 85 झाले.

"किती व्हायला पाहिजे?" तुम्ही विचारलेत.

"अठ्ठ्याऐंशी."

"मग होऊ दे तेवढं."

माणसाचे चांगुलपण मोठ्या प्रसंगी दिसते असे मी मुलांना शिकवत आले. प्रत्यक्षात मला ते भेटले ते दिवसभर खांबांवर चढून थकलेल्या, पुढच्या वाडीत लोक वाट पाहत असताना एका अनोळखी म्हातारीच्या आकड्यासाठी पाच मिनिटे बसून राहिलेल्या माणसात. त्या काळात कोणाकोणासाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या, त्यात खांबावर चढणारी माणसे कितीजणांच्या मनात होती, मला शंका आहे. तुम्हाला लस मिळाली होती की नाही, हे विचारायलाही मला सुचले नाही. चहा करण्याइतका दम नव्हता, म्हणून पडलेल्या माडाची दोन शहाळी घेऊन जा म्हटले, तर तुम्ही ती गाडीतल्यांसाठी नेलीत आणि स्वतः तांब्यातले पाणी वरून प्यालात.

आता पाऊस लागला आहे, वीज रोज थोडा वेळ जातेच, पण यजमानांनी दुसरा सिलिंडर मिळवून ठेवला आहे. मालवणकडे पुन्हा येणे झाले तर घरी या. माझी नळी सात मीटरची आहे, ती पडवीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पोचते, तेव्हा आपल्याला तिथे बसता येईल. या वेळी नाव विचारीन.

तुमची,
वाडीतल्या शेवटच्या घरातली मावशी