खो, पऱ्हाटी आन् मी

घाटंजी, जि. यवतमाळ
ऑक्टोबर 2025

प्रिय बाल्या,

परवा तुझा फोन मी "नंतर बोलतो" म्हणून कट केला, राग नको मानू. तू जे विचारलं ना, "अबे एक काय ते धर, कृषी खात्याची नोकरी नाहीतर पोट्ट्यांचं खो-खो कोचिंग, दोन्हीकडे काहून लटकून राह्यला", त्याचं उत्तर तेव्हा देताच येत नव्हतं. एका बाजूला दोन शेतकरी पिशवीत बोंडं घेऊन उभे, दुसऱ्या बाजूला ग्राउंडवर पोट्ट्या शिट्टीची वाट पाहून राहिल्या. आता रात्री बसून टाइप करतोय, दोनदा लाइट गेली, लांबलं तर हळूहळू वाच, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तुले टाइमच टाइम असते.

आधी एक गोष्ट सांगतो, ही मी घरी पण नीट सांगितली नाही. गेल्या वर्षी तालुका स्पर्धेच्या आधी मी पंधरा-वीस दिवस सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवरच होतो. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग पकडणारे, ऑगस्टच्या सुरुवातीलाच कापसात लावून दिले होते, एकरी दोन. त्यातली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, तीन-चार आठवड्यात बदलावी लागते हे तुलेही माहीत अन् मलेही, अकोल्याला कृषी विद्यापीठात आपण त्याच्यावर सेमिनार दिला होता लेका. पण बदलली नाही. आज करू उद्या करू. मग सप्टेंबरच्या शेवटी एका काकांच्या वावरात गेलो, सापळ्यात एकच पतंग. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, तवा धोक्याची पातळी, हे आपलं पाठ, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की काका सध्या फवारू नका, पैसे वाचवा. वास उडालेल्या ल्यूरकडे पतंग कशाले येईन बे?

दसरा झाल्यावर त्यांनीच बोलावलं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेच्या वर, बोंड वरून हिरवंगार, एक डाग नाही. त्यांनी विळ्याच्या टोकानं ते उभं चिरलं. आतला कापूस पिवळा पडून चिकटलेला अन् सरकीत डोकं खुपसून गुलाबी अळी बसलेली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, पाचातल्या तीनात तेच. अळी अंड्यातून निघाली की दोन-एक दिवसात बोंडात शिरते, भोक मागून बुजून जाते, मंग वरून अमृत फवारा नाहीतर विष, तिले काही फरक नाही. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बोंड माझ्या हातावर ठेवलं अन् एवढंच म्हणाले, "सायेब, पोट्टीले खो शिकवता, आमच्या बोंडाले इसरले."

त्यांची पोट्टी माझ्या टीममध्ये आहे. खांबाजवळ बसते, सूर मारण्यात तालुक्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

तर तू म्हणतो ते खरं आहे, दोन्हीकडे लटकलेला माणूस कुठंतरी पडतेच. फक्त एवढंच की मी लटकलो ते हौसेनं नाही, वेळापत्रकच तसं आहे. शालेय स्पर्धा ज्यानं बसवल्या त्यानं कापसाचं वावर पाह्यलंच नसन असं मले वाटते. ऑगस्ट-सप्टेंबरात तालुका, मग जिल्हा, मग विभाग. अन् तेवढ्याच दिवसात माझ्याकडे डोमकळ्या (अळी लागून न उमललेली कापसाची फुलं) शोधा, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग पाहा, शेतीशाळा घ्या, पंचनामे करा, पीक कापणी प्रयोग करा, अन् वरून मोबाइलवर फोटो अपलोड करा, नेटवर्क नसलं तरी करा. यंदा आमचं पदनाम बदललं, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झालो, घरी पेढे वाटले, काम मात्र तेच अन् गावात आवाज पण तोच, "ओ कृषीसहायक!" हेच सामने फेब्रुवारी-मार्चात ठेवले असते तर हे पत्रच लिहायची पाळी आली नसती, तवा वावरात तूर-चना निघालेला असते अन् पोट्ट्या मोकळ्या असतात. पण नाही.

अन् हे फक्त माझं नाही, पोट्ट्यांचं पण तसंच. घरोघरी सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा झाली, वेचणी सुरू झाली की माझी अर्धी टीम वावरात. किलोमागे दहा-बारा रुपये भेटते, मायसोबत पोट्टी असली की कापसाचं गाठोडं मोठं होते, मी कोणाले काय म्हणू. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिसला एक जण खो देताना हात पाठीला लावायची पण बोटं आत दुमडून, मले वाटलं नखरे करून राहिली, दोनदा ओरडलो पण. मग हात उघडायला लावला. वाळलेल्या बोंडाची टोकं किती टोचतात तुले माहीत आहे, नखाच्या कडेकडेनं सगळं सोललेलं, त्यात काळं भरलेलं. म्हणे "सर, दुखते म्हणून नाही, तिच्या शर्टाले रक्त लागते ना." त्या दिवशी मी खो बंद करून नुसती पळती घेतली, साखळी धावा म्हणलं, हात लावायचं कामच नाही.

ग्राउंडचं ऐकशील तर हसशील. आपली काळी माती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती, पावसात फुगते अन् ऑक्टोबरात आकसून अशा भेगा पडतात की तळवा जाईन. एमएस्सीला मी ह्या मातीची तारीफ लिहून मार्क घेतले, अन् तिनंच माझ्या दोन पोट्ट्यांचे घोटे मुरगाळले. शेवटी सत्तावीस बाय सोळाच्या मैदानावर सहा ट्रॉल्या मुरूम टाकला, ट्रॅक्टर एका शेतकऱ्याचा, डिझेल माझं. बायको म्हणाली घराच्या अंगणात चिखल आहे तो नाही दिसत का. दिसते ना.

यंदा जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरींनी फायनलमध्ये नेपाळला 78-40 नं हरवलं, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचीच, प्रियांका इंगळे. शाळेच्या व्हरांड्यात एका मोबाइलवर पंधरा डोकी. मले वाटलं ट्रॉफी पाहून राहिल्या, तर एक जण विचारते, "सर, मॅटवर पडलं तर गुडघा फुटत नसन ना?"

आता यंदाचं. ऑगस्टात आमच्या मंडळात एका रात्रीत 65 मिमीच्या वर पडला, म्हणजे अतिवृष्टी, म्हणजे पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक अन् मी, तिघं गुडघाभर चिखलात. 33 टक्क्यांच्या वर नुकसान लिहिलं तर माणसाले मदत, नाही तर काहीच नाही, मग ते पाहायले घाई करता येत नाही. पंचनाम्याचा तिसरा दिवस अन् तालुक्याची सेमीफायनल एकाच दिवशी आली. गेल्या वर्षीचं ते बोंड डोळ्यासमोर होतं, मी वावरात गेलो. टीमसोबत शाळेतले एक सर गेले, माणूस चांगला पण खो-खोतलं काही समजत नाही, शेवटच्या बॅचसाठी राखून ठेवलेली पोट्टी त्यांनी पहिल्याच बॅचमध्ये उतरवली. एका गुणानं हरलो. संध्याकाळी फोनवर कोणी रडलं नाही, नुसतं "सर तुम्ही आले नाही" एवढंच.

सोयाबीन सडलं तर पुढल्या जूनला शेतकरी पुन्हा पेरते, कर्ज काढून का होईना. चौदाच्या खालच्या गटात शेवटच्या वर्षाला असलेली पोट्टी पुढल्या वर्षी त्या गटात राहत नाही, तिचा तो हंगाम गेला तो गेलाच. हे साहेबाले नाही समजत, तुले समजावं म्हणून लिहिलं. अन् तू म्हणाला तुझ्या कंपनीत जागा निघून राहिली, पगार दुप्पट, शनिवार-रविवार सुट्टी. मी दोन रात्री विचार केला, खोटं नाही सांगत. पण तिथं शनिवारी मी करीन काय?

एक जुगाड मात्र केला यंदा. सापळे ग्राउंडजवळच्याच वावरांच्या धुऱ्यावर लावले अन् मोजायचं काम पोट्ट्यांना दिलं. सकाळी सहाला प्रॅक्टिसच्या आधी प्रत्येकीनं आपापला सापळा पाहायचा, वहीत आकडा लिहायचा अन् पतंग काढून टाकायचे. नियम एकच, फवारलेल्या वावराजवळ पाय ठेवायचा नाही, मोजणी राहिली तर राहू दे. 2017 आठवते ना तुले, आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली होती, त्यात मले कोणती रिस्क नको. ल्यूर बदलायची तारीख पण त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर. वॉर्मअपमध्येच होऊन जाते सगळं, मीही खूश, शेतकरीही खूश. एकीनं एकदा "पाली 2" असं लिहिलं होतं ते सोड.

पण मागच्या हप्त्यात वही चाळली तर त्या खांबवालीचा सापळा, रोज सात. सोमवार सात, मंगळवार सात, बुधवार सात. बाकीच्यांचे तीन, नऊ, पाच, बारा असे वेडेवाकडे अन् हिचे ओळीनं सात. मी काही न बोलता सकाळी लवकर जाऊन तिच्या सापळ्याची पिशवी उघडली. अकरा. दुसऱ्या दिवशी चौदा. ती आली तवा मी तिथंच बसलेलो होतो, खाली पाहून म्हणाली, "सर, आठ झाले की तुम्ही बाबाले फवारा म्हणान. औषधीले पैसे नाही घरी, मागच्या वर्षीचेच कृषी केंद्रवाल्याचे राह्यले."

मागच्या वर्षीचे म्हणजे कोणामुळे राह्यले ते मले माहीत होतं बाल्या.

त्या दिवशी प्रॅक्टिस घेतली नाही. दोघं मिळून तिच्या वावरात गेलो, काकांसोबत बसून एका ओळीतली वीस बोंडं फोडली, दोनात अळी निघाली, म्हणजे वेळ गेली नव्हती. कृषी केंद्रात मी माझ्या नावावर उधारी लिहायला लावली, बायकोले अजून सांगितलं नाही, तूही सांगू नको. वहीत तिनं ते सात खोडून बाजूला खरे आकडे लिहिले, तिले सगळे आठवत होते.

दिवाळीले येशील तर गुलाबी बोंडअळीच्या ल्यूर घेऊन ये, चाळीस-पन्नास, इथं टायमावर भेटत नाही. अन् जमलं तर चार नंबरचे बूट दोन जोड. पैसे आल्यावर देतो, म्हणजे देईन कधीतरी.

तुझा
पश्या