नळ एकच, मग स्पर्धा कोणाशी?

पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवला की स्पर्धा वाढेल आणि सेवा सुधारेल, असे सांगितले जाते. पण स्पर्धा कोणाशी? घरात येणारी जलवाहिनी एकच असते. दर परवडला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा नळ उघडता येत नाही. बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात खासगीकरणानंतर दर इतके भडकले की लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार गुंडाळावा लागला. पॅरिसने २०१० मध्ये पाणीपुरवठा पुन्हा नगरपालिकेच्या ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी उतरवले. सरकारी कारभार धुतल्या तांदळासारखा असतो, असे मुळीच नाही. गळती आणि वशिला तिथेही आहेच. पण तिथल्या कारभाऱ्यांना निवडणुकीत जाब विचारता येतो. कंपनीचा करार मात्र अनेकदा वीस-तीस वर्षांचा, त्यातली कलमे ग्राहकाच्या नजरेला पडतील तर शपथ! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. हक्क म्हणजे फुकट नव्हे, हे कबूल. तरीही बिल थकले म्हणून एखाद्या घरचे पिण्याचे पाणी तोडण्याची मुभा कोणत्याही करारात असता कामा नये.