खारीक कुठली, हे स्कॅनर सांगत नाही

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

मी न्हावा शेवा बंदरात सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट, म्हणून काम करतो. आयातदाराचं बिल ऑफ एंट्री आणि निर्यातदाराचं शिपिंग बिल ही कस्टम्सकडे द्यायची मालाची कागदपत्रं, अधिकाऱ्यांची क्वेरी आली की तिचं उत्तर, माल तपासणीला उघडला की त्याच्याशेजारी उभं राहणं, हे माझं रोजचं काम. कस्टम्सच्या सुधारणेचा विषय निघाला की दरवेळी नवं यंत्र पुढे केलं जातं. आधी स्कॅनर, मग इलेक्ट्रॉनिक सील, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. यंत्रांना माझा विरोध नाही. पण सीमेवर जे प्रश्न सोडवायचे असतात त्यातल्या बहुतेकांची उत्तरं यंत्राकडे नसतात, आणि ज्या माणसांकडे व प्रयोगशाळांकडे ती असतात त्यांच्याकडे तितकं लक्ष जात नाही. म्हणून हे पत्र.

२ मे २०२५ रोजी सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी घातली, मग तो थेट येवो की तिसऱ्या देशातून. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ पासून, त्या मालावर २०० टक्के शुल्क होतंच. जून २०२५ मध्ये डीआरआयने, म्हणजे तस्करी शोधणाऱ्या महसूल गुप्तचर संचालनालयाने, ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’मध्ये न्हावा शेव्याला ३९ कंटेनर पकडले. माल १,११५ टन, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. त्यात खारीक होती. कागदावर ती संयुक्त अरब अमिरातीची होती. तपासात निघालं की माल कराचीहून दुबईला आला, तिथे कंटेनर बदलले, जहाज बदललं आणि मग तो इकडे निघाला.

हे कंटेनर जगातल्या सर्वांत महाग स्कॅनरमधून नेले असते तरी काय दिसलं असतं? खारीक. बिलात खारीक, आत खारीक, इमेजमध्येही खारीक. चोरी मालात नव्हतीच, ती मालाच्या प्रवासात होती. ती सापडली ती जहाजांच्या नोंदी आणि पैशाचे व्यवहार चिकाटीने जुळवणाऱ्या अधिकाऱ्यांमुळे.

आमच्या धंद्यातले बहुतेक वाद माल काय आहे, त्याची खरी किंमत किती आणि तो कुठला, यांवरून होतात. यातल्या किंमतीबद्दल आणि मूळ देशाबद्दल क्ष-किरण काहीच सांगू शकत नाहीत. मूळ देशाचा दाखला तपासण्यासाठी सरकारने सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम आणले, ते याच अडचणीमुळे. माल काय आहे याबद्दलही यंत्राची मर्यादा मोठी आहे. स्कॅनर घनता दाखवतो, आणि सेंद्रिय पदार्थ व धातू वेगळ्या रंगांत दाखवतो. त्या रंगांचा अर्थ लावायला पडद्यासमोर माणूसच लागतो. २०२२ साली आमच्याच बंदरात ज्येष्ठमधाचा एक कंटेनर सापडला. वीस टनांहून जास्त माल, आणि काड्यांवर हेरॉइनचा लेप. वाळलेल्या मुळीवर वाळलेला लेप बसला तर पडद्यावर काय वेगळं उमटणार? दिल्ली पोलीस तिथवर पोचले ते त्यांच्या तपासातून. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या खोक्यांत ५० किलो कोकेन निघालं, तेही डीआरआयला आधी मिळालेल्या खबरीमुळे.

प्रत्येक कंटेनर स्कॅन करावा असं काही जण म्हणतात. अमेरिकेने २००७ साली तसा कायदाच केला: २०१२ पासून तिथे जाणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन झाला पाहिजे. तारीख आली आणि गेली, मुदतवाढ मिळत राहिली, कायदा आजपर्यंत प्रत्यक्षात आलेला नाही. जगातला सर्वांत श्रीमंत देश जिथे थांबला तिथून आपण काही शिकायला हवं. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर, आयर्लंड आणि ब्रिटनचं उत्तर आयर्लंड यांच्या सीमेवरही तंत्रज्ञानाने चौक्यांची गरजच उरणार नाही, असं बरीच वर्षं छातीठोकपणे सांगितलं गेलं. शेवटी तपासणी उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर न्यावी लागली. नॉर्वे आणि स्वीडन इतके मित्र, तरी त्यांच्या सीमेवरच्या स्विनेसुंडला ट्रक थांबतातच, कारण स्वीडन युरोपीय संघाच्या कस्टम्स युनियनमध्ये (सामाईक सीमाशुल्क व्यवस्थेत) आहे, नॉर्वे नाही.

उलट बाजूही मांडतो. २००५ पासून आरएमएस, म्हणजे जोखीम पाहून माल निवडणारी संगणक प्रणाली, आली आणि कुठला कंटेनर उघडायचा हे टेबलावर ठरणं कमी झालं. २०२० मध्ये फेसलेस असेसमेंट, म्हणजे समोरासमोर न येता होणारी शुल्क-आकारणी, आलं, आता माझं बिल कुठल्या शहरातला अधिकारी पाहतो हे मला ठाऊकही नसतं. ओळखीपाळखीने फाइल सरकवण्याचे दिवस त्यामुळे बरेच मागे पडले आणि मला त्याचं मनापासून समाधान आहे. लहान आयातदाराला याचा फायदा सर्वांत जास्त झाला.

पण दूरच्या अधिकाऱ्यासमोर फक्त कागद असतो. माल रसायन असेल तर नमुना लागतो. बंदरात ड्रम उघडतात, नमुना बाटलीत घेतात, लाख लावून सील करतात, तपासणीची मागणी करणारा टेस्ट मेमो चढतो आणि नमुना प्रयोगशाळेत जातो. इथे कुठलंही पोर्टल उपयोगाचं नाही, कारण रसायनतज्ज्ञाला पदार्थ प्रत्यक्ष तपासावा लागतो. माझ्या एका लघुउद्योजक आयातदाराचे ड्रम अहवालाची वाट पाहत पडून होते. स्क्रीनवर रोज तीच ओळ, आणि खाली सीएफएसचं (कंटेनर ठेवायच्या गोदामाचं) भाडं व शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा आकार) वाढत होतं. माल बाँडवर (हमीच्या करारावर) सोडवता येतो, पण त्याला बँक गॅरंटी लागते, आणि कारखान्याचं खेळतं भांडवल आधीच त्या ड्रममध्ये अडकलेलं होतं. अहवाल शेवटी त्याच्या बाजूने आला. भाडं कोणी परत दिलं नाही.

आता कांदा. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्काची अधिसूचना निघाली आणि ताबडतोब लागू झाली. कस्टम्स कायद्याच्या १६व्या कलमानुसार निर्यातीचा शुल्कदर लेट एक्सपोर्ट ऑर्डरच्या, म्हणजे माल जहाजावर चढवायच्या परवानगीच्या, तारखेचा धरतात. म्हणजे शिपिंग बिल भरलेलं आहे, कांदा बंदराच्या दारात आहे, परदेशातल्या ग्राहकाशी भाव ठरलेला आहे, तरी ऑर्डर मिळाली नसेल तर नवा दर. पुढच्या वर्षी उलटं झालं. १३ सप्टेंबर २०२४ रोजी शुल्क २० टक्क्यांवर आणलं आणि टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत काढून टाकली. निर्णय शेतकऱ्याच्या सोयीचा होता. पण संगणक प्रणालीत बदल चढलेला नव्हता, म्हणून कांद्याचे कंटेनर इकडे बंदरात आणि ट्रक तिकडे बांगलादेशच्या सीमेवर खोळंबले. सवलत राजपत्रात होती, सर्व्हरवर नव्हती. हाताने शेरा मारून माल सोडला जात नव्हता. साठवणीच्या चाळीतून निघालेला कांदा बंद कंटेनरमध्ये घाम धरतो, त्याला कोंब येतात. तो सर्व्हर सुरू व्हायची वाट पाहत नाही.

महोदया, सीमा चांगली चालते तेव्हा कशी दिसते याचा नमुना आपल्याकडेच आहे. नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षबागांची नोंदणी अपेडाच्या (शेतमाल निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेट या संगणक प्रणालीवर २००६ पासून होते. प्लॉटला क्रमांक मिळतो, बागेतून नमुना घेतात, औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात आणि खोक्यावरून थेट बागेपर्यंत पोचता येतं. कस्टम्सचं निम्मं काम इथे वेलीखालीच उरकतं. तरीही २०१० साली युरोपने आपली द्राक्षं अडवली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. संगणकाने प्रत्येक खोक्याचा माग अचूक ठेवला होता, पण त्याला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्या हंगामात बागायतदारांनी सोसलेलं नुकसान आजही नाशिकच्या पिंपळगावला कुणालाही विचारलंत तर सांगतील. पुढे यादी सुधारली आणि व्यवस्था सावरली. ती सुधारणा शास्त्रज्ञांची होती, सॉफ्टवेअरची नव्हे.

म्हणून माझी विनंती आहे की पुढचा स्कॅनर घेताना त्याच निविदेत इमेज वाचणाऱ्यांच्या जागा आणि प्रशिक्षणाचा खर्च धरा. बंदरातल्या प्रयोगशाळांना रसायनतज्ज्ञ द्या आणि अहवालाला मुदत बांधा. मुदत उलटली आणि अहवाल आयातदाराच्या बाजूने आला, तर मधल्या काळाचं भाडं त्याच्यावर पडू नये. सर्व्हर बंद असेल किंवा दर अद्ययावत नसेल, तेव्हा नाशवंत मालासाठी सहायक आयुक्तांना हमीपत्रावर लेट एक्सपोर्ट ऑर्डर देण्याचा लेखी अधिकार असावा.

आणि शेतमालाचा शुल्कदर बदलताना अधिसूचनेत लागू होण्याची वेळ लिहा, ती वेळ यायच्या आत प्रणालीत बदल चढवा, आणि त्या वेळेआधी बंदराच्या फाटकातून आत आलेल्या मालाला जुना किंवा नवा, निर्यातदाराला परवडेल तो दर द्या. याला एक रुपयाचं यंत्र लागत नाही. कांद्याचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी एवढं झालं, तर या बंदरातले सगळे आपले आभार मानतील.

आपला विश्वासू,
एक सीएचए, न्हावा शेवा