बेकरीतल्या सर्व सदस्य ताईंसाठी सूचना: डोनटचं पीठ आणि तेल

ऊन ४५ अंशांवर गेलंय. डोनटचा मैदा माठातल्या गार पाण्यानं भिजवा आणि घंटाभर वाट न पाहता मधूनमधून बघत राहा, या उन्हात तो लवकर फुगून आंबतो. बोटानं दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की लगेच तळायला घ्या.

तेल काळसर, चिकट झालं किंवा फेस धरू लागलं की बदलाच. २०१८ पासून नियमही आहे: ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. ते घरी भाजीलाही नेऊ नका. गावातली लेकरं आपल्याच हातचं खातात, इथं काटकसर नकोच.

सोमवारी बाजार आहे, पहाटपाळीनं ४ वाजता यावं. तेलाचा डबा संपत आला असेल तर रविवारी संध्याकाळीच कळवा.