स्वयंपाक आदल्या रात्री सुरू होतो

सोलापूर,
दि. २४ जानेवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की, महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा किराण्यापेक्षा बाहेरून मागवलेल्या जेवणाचाच आकडा मोठा निघाला आणि इतके करूनही चिमणीचे पोट सारखे बिघडते ते बिघडतेच. रोज जमेल, खर्चात बसेल आणि पोरीच्या अंगी लागेल असे जेवण लिहून पाठव, असा तुझा आग्रह होता, म्हणून सवडीने हे लिहायला बसले आहे. पाककृती मात्र फारशा लिहिणार नाही. त्या तुला फोनवर हव्या तेवढ्या सापडतात आणि त्या सापडत असूनही तुमच्या घरी स्वयंपाक होत नाही, म्हणजे अडचण कृतीची नसून दुसरीच आहे.

तुम्ही दोघे रात्री आठच्या सुमारास घरी येता तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात आणि ओट्यावर काहीच तयार नसते. अशा वेळी ‘आज काय करायचे’ हा विचार सुरू झाला की त्याचे उत्तर बाहेरूनच येणार, त्यात तुमचा आळस नाही. ज्या घरात रोजचा स्वयंपाक बिनबोभाट होतो, त्या घरात हा प्रश्न संध्याकाळी कोणी विचारतच नाही; तो आदल्या रात्री, भांडी आवरतानाच सुटलेला असतो. तेव्हा झोपण्यापूर्वी एक वाटी कडधान्य निवडून, धुऊन भिजत घालायचे, एवढी एकच सवय आधी लाव. बाकीचे तिच्या मागोमाग येईल. आणि हे काम तुझे, सूनबाईचे नव्हे. तिच्यावर सकाळचा डबा आहेच.

मटकी, मूग, चवळी, हरभरा, मसूर, हुलगे ही सहा कडधान्ये घरात असली की आठवड्यात एकच गोष्ट दोनदा खावी लागत नाही. मसूर लवकर भिजतो आणि मूगही फार वाट पाहायला लावत नाही, परंतु हरभरा आणि हुलगे यांना पुरते आठ-दहा तास लागतात. मटकीला मोड आणायचे असतील तर रात्री भिजवलेली मटकी सकाळी निथळून, ओल्या पंचात घट्ट बांधून झाकून ठेव; उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, सध्याच्या थंडीत मात्र आणखी एक रात्र द्यावी लागते. पाणी नीट निथळले नाही तर मटकी बुळबुळीत होऊन तिला वास येतो, म्हणून पुरचुंडी बांधण्यापूर्वी ती चाळणीत पंधरा मिनिटे राहू दे. एका वाटीची फुगून दोन-अडीच वाट्या उसळ होते आणि ती तुम्हा तिघांना पुरून सकाळच्या डब्यापुरती उरते. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा हुलग्यात वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, तर एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम. अंडी खाऊ नका असे मी म्हणत नाही, जरूर खा. पण प्रथिनांसाठी महागडे डबे विकत आणण्याची गरज नाही, हे या आकड्यांवरून तुझ्या ध्यानात यावे. मोड आल्यावर धान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवून धरणारे त्यातले घटक कमी होतात, हा आणखी एक लाभ.

तुमच्याकडे बोअरचे पाणी येते, असे तू मागे सांगितले होतेस. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि मग दोष डाळीला दिला जातो. डाळ-कडधान्य शिजवायला जड नसलेले पिण्याचे पाणी घे, आणि चिंच, टोमॅटो किंवा आमसूल डाळ पूर्ण मऊ झाल्याखेरीज घालू नकोस, कारण आंबट पडले की दाणा कडकच राहतो. कुकरमध्ये खाली डाळीचा आणि वर तांदळाचा डबा लावलास की एका आचेत दोन्ही होतात. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची पद्धत मात्र बंद कर. वाफ गेली की दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे, कारण उघड्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. चिमणीच्या पोटदुखीचे मूळ इथे आहे की बाहेरच्या जेवणात, ते डॉक्टरच सांगतील, पण ही काळजी आपल्या हातात आहे.

आता भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहेच; काळ्या रानात भाद्रपद-आश्विनात पेरलेली ही मालदांडी जमिनीतल्या ओलाव्यावर पिकते. परंतु एक गोष्ट तुला स्पष्ट सांगते : चांगली मालदांडी आता गव्हापेक्षा स्वस्त राहिलेली नाही. केवळ पैसे वाचवण्यासाठी भाकरी खा, असा सल्ला मी देणार नाही. ती खावी ती तिच्यातल्या चोथ्यासाठी, पोटाला मिळणाऱ्या आधारासाठी, आणि खरे म्हणजे ती आपल्याला आवडते म्हणून. आठवड्यातून चार दिवस भाकरी, बाकीचे दिवस पोळी किंवा भात, एवढे पुष्कळ झाले.

तुझी भाकरी थापताना चिरते, त्याचे कारण बहुतेक पिठात आहे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते. तिचे पीठ एकमेकांना धरून राहते ते स्वतःच्या चिकटपणावर, म्हणजे विरीवर, आणि दळण जुने झाले की ती विरी जाते. दुकानातले पाकीटबंद पीठ किती दिवसांचे आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून ज्वारी आणून दहा-बारा दिवसांपुरतीच दळत जा आणि गिरणीत ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असे आवर्जून सांग, नाहीतर आधीच्या दळणाचे दुसरे पीठ त्यात येते. परातीत पीठ घेऊन मधोमध आळे कर आणि त्यात कढत पाणी ओत. चमच्याने कालवून, हाताला सोसेल इतके निवल्यावर तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने ते चांगले रगड. ज्याला रगडण्याचा कंटाळा, त्याच्या भाकरीला भेगा ठरलेल्या. गोळा एका वेळी एकाच भाकरीचा घे, खाली पीठ भरपूर पसर आणि बोटांनी न दाबता पंजा सपाट ठेवून थापत जा, म्हणजे भाकरी आपोआप फिरते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ दे आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरव. ते पाणी पुरते सुकण्याआधी, किंचित ओल असतानाच, भाकरी उलट. ही दुसरी बाजू तव्यावर नीट भाजू दे आणि मग पहिली बाजू थेट आचेवर धर. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगली, की पीठ, पाणी आणि आच यांचे जमले. नाहीच फुगली तरी चवीत काही बिघडत नाही, गरम असतानाच ताटात वाढ.

भाजी आणण्याच्या बाबतीत तुम्ही ऋतू पाहत नाही, हा माझा जुनाच आक्षेप आहे. सध्या लक्ष्मी मंडईत मेथी, चाकवत, करडई आणि हरभऱ्याचा पाला यांचे ढीग लागले आहेत; पुण्यातही याहून वेगळे नसणार. थंडीत फ्लॉवर, मटार, गाजर स्वस्त असतात ते घ्यावेत आणि भेंडी-गवारीच्या मागे उन्हाळ्यात लागावे. पालेभाजी आधी धुऊन मग चिर, चिरून धुऊ नकोस. कोवळी देठे टाकण्याचे कारण नाही. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू शेजारणी अंबाडी तुरीच्या डाळीत शिजवतात, तशी चुका किंवा पालक घातलेली डाळ चिमणी भाताबरोबर न कुरकुरता खाईल. वरून लिंबू पिळलेस तर पाल्यातले आणि डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. उलट जेवणाला लागून चहा घेतला तर ते अडते. तुझा जेवणानंतरचा चहा निदान तासभर पुढे ढकल. फळांत पेरू घ्या, त्यात संत्र्याहून क जीवनसत्त्व अधिक असते आणि तो परवडतो. डाळिंब आपल्याच जिल्ह्याचे भूषण असले तरी सणासुदीला पुरे.

शेंगाचटणीविषयी तू विचारले नाहीस, पण तिच्यावाचून आपले ताट पुरे होत नाही. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, पाखडून साले काढायची आणि लसूण, जिरे, मीठ, लाल तिखट घालून तेल सुटेपर्यंत कांडायची. मिक्सरमध्ये करायची झाली तर तो थांबत थांबत फिरव. सलग फिरवलास तर गोळा होतो किंवा भुगा. दाण्यांत शंभर ग्रॅममागे पंचवीसेक ग्रॅम प्रथिने असली तरी जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते, तेव्हा तिच्यावर पुन्हा तेलाची धार धरून भाकरीबरोबर वाटीभर चटणी संपवणे, हे तुझ्या वडिलांचे जेवण तू उचलू नकोस. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, या हिशेबाने तुम्हा तिघांना दीड लिटर रग्गड झाले. तेलाचा डबा पहिल्या तारखेला भरायचा आणि महिनाअखेरपर्यंत पुन्हा भरायचा नाही, असा नियम केलास तर तर्री आपोआप कमी होईल. मिठाचेही तसेच. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चटणी, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले की ही मर्यादा आमटीला हात लावण्याआधीच संपत येते. एका वेळी यांपैकी एकच वाढत जा.

कितीही ठरवले तरी एखादा दिवस असा येणारच की, भिजवायचे राहून गेले, भाजी संपली आणि दोघेही थकून आलात. त्या दिवसासाठी घरात येसर असावा. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेला हा येसर फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडला की दहा-पंधरा मिनिटांत दाट आमटी होते, तिला भाजी लागत नाही की वाटण लागत नाही. येसर थंड पाण्यात आधी कालवून मगच ओत, नाहीतर गुठळ्या होतात. सोबत कडक भाकरी आणि दही असले की जेवण झाले. याच कामाला हुलग्याचे पीठही येते. त्यात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे, हातावर वळून शेंगोळे करायचे आणि फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एकेक करून सोडायचे. पाणी पुरेसे उकळले नसेल तर ते विरघळून त्यांची पिठी होते. रविवारी चिमणीला शेंगोळे वळायला बसव. स्वतः वळलेले खाताना मूल नाके मुरडत नाही, हा सर्वच आयांचा अनुभव आहे. तिच्यासाठी तिखट मात्र निम्मे घाल.

डब्याला धपाटे करावेत. ज्वारी, बेसन आणि गहू यांची पिठे, कांदा, कोथिंबीर, तीळ आणि मळायला ताक. ते गार झाले तरी मऊ राहतात. पालेभाजीची उरलेली मूठभरही त्यात खपते. उरलेल्या भाकरीचा चुरा सकाळी कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत परतावा किंवा ताकात कुस्करावा, हे तुला सांगायला नको, लहानपणी तू तेवढ्यासाठीच मुद्दाम भाकरी उरवायचास.

बाहेर खाणे अगदी बंद करा, असा माझा हट्ट नाही. महिन्यातून एखादी संध्याकाळ तिघे मिळून हॉटेलात जाऊन बसा, हौसेने खा. ते दमून भागून दारात पिशवी घेण्यापेक्षा कितीतरी बरे. पहिला महिना तू ही भिजवण्याची सवय सांभाळ आणि हिशेबाची वही पुन्हा मांड. आकडा काय निघाला ते मला कळव, मला त्याची उत्सुकता आहे.

शनिवारी शेजारच्या काकू सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येत आहेत. त्यांच्याजवळ पाच किलो ज्वारी, अर्धा किलो हुलग्याचे पीठ, येसराची बरणी आणि कडक भाकरीचा पुडा देते आहे. भाकरी पिशवीत सगळ्यांत वर आहे, ती मोडू देऊ नकोस. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा स्टेशनवर वेळेआधी पोहोचून ओझे तूच उचल. मागच्या वेळचे माझे दोन स्टीलचे डबे तुमच्याकडेच राहिले आहेत, ते त्यांच्याबरोबर परत पाठव.

सूनबाईस आशीर्वाद, चिमणीला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. ज्वारी निवडूनच दिली आहे, तरी दळायला टाकण्यापूर्वी एकदा चाळून घे, आणि सगळी एकदम दळू नकोस.