आधी ब्लॉक, मग केमो

महोदय,

छातीच्या फोटोत डाग दिसला की थुंकीत जंतू सापडोत न सापडोत, टीबीच्या गोळ्या सुरू होतात. डाग वाढल्यावर बायोप्सी होते आणि रिपोर्ट येतो: अडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. रुग्णाने कधी विडी ओढलेली नसेल, वय चाळिशीचे असेल, तर केमोची तारीख घेण्याआधी एएलके या जनुकाची तपासणी झालीच पाहिजे.

या कॅन्सरच्या काही रुग्णांत दोन वेगळी जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात आणि पेशी थांबेनाशी होते. रक्ताच्या कॅन्सरमधल्या अशाच एका जोडीवर २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आले. फुफ्फुसातली एएलके जोडी २००७ मध्ये सापडली आणि २०११ मध्ये अमेरिकेत तिच्यावरच्या क्रिझोटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. शंभरात जेमतेम तीन ते पाच जणांत ती असते. पण असली तर केमोच्या सलाइनऐवजी गोळ्यांनी गाठ आटते.

घोडे अडते ते ब्लॉकपाशी, म्हणजे बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यापाशी. काढलेला तुकडा लगेच त्याच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडावा. सहा तासांहून कमी नको, तीन दिवसांहून जास्त नको. जोडून सुट्ट्या आल्या आणि बाटली तशीच राहिली की ज्यावर जनुक तपासणी करायची तो पेशींतला आरएनए तुटतो. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला तर जनुक तपासणीसाठी तो गेलाच. तिथे इडीटीए हे सौम्य रसायन वापरावे. सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा असतो. त्याचे काप घेऊन दहा-बारा मार्कर (कॅन्सरचा प्रकार ओळखायच्या रंग-चाचण्या) लावले की ब्लॉकमध्ये नुसते मेण उरते. निदानाला बहुतेकदा टीटीएफ-१ आणि पी४० हे दोनच मार्कर पुरतात. बाकीची गाठ एएलके आणि आरओएस-१ या जनुकांच्या तपासणीसाठी राखावी.

पुढच्या उपचारांसाठी पुण्या-मुंबईला निघताना स्लाइडबरोबर ब्लॉकही मागून घ्या. मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडते.

आणखी एक. क्रिझोटिनिब चालू असताना टीबीचीही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीवरच्या रिफाम्पिसिनमुळे यकृत ही गोळी झपाट्याने मोडते, रक्तातली मात्रा घटते आणि औषध लागू पडत नाही असे वाटून ते बंद केले जाते.

सोलापुरातल्या सरकारी आणि खासगी लॅबनी बायोप्सीच्या रिपोर्टखाली एक ओळ वाढवावी: ब्लॉकमध्ये पुढच्या तपासणीपुरती गाठ शिल्लक आहे की नाही.

– एक पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर