सील न उघडताच फेटाळलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वायरलेस गेमपॅडच्या डाव्या स्टिकमधील ड्रिफ्टबाबत वॉरंटीचा दावा तपासणीविना नाकारल्याची तक्रार

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी आज झालेल्या संभाषणानंतर फोनवर बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी देत आहे. गेमपॅड वॉरंटीच्या मुदतीत आहे आणि बिलाची प्रत आपल्याकडे आधीच पोहोचलेली आहे.

दोष सरळ आहे. डाव्या स्टिकला हात न लावताही खेळातले पात्र आपोआप डावीकडे सरकत राहते, म्हणजेच ड्रिफ्ट होतो. गेमपॅड टेबलावर ठेवून मी लिनक्सवर जेएसटेस्ट हे स्टिकचे वाचन आकड्यांत दाखवणारे साधन चालवले, तेव्हा शून्याच्या आसपास असायला हवा तो आडव्या अक्षाचा आकडा उणे ३९०० च्या जवळपास स्थिरावलेला दिसला. टोकाचे मूल्य ३२७६७ असते, म्हणजे ही साधारण बारा टक्के ओढ आहे. नव्या स्टिकचा आकडाही नेमका शून्य नसतो हे मला ठाऊक आहे, पण एवढा फरक नव्या स्टिकमध्ये नसतो. तोच गेमपॅड मित्राच्या विंडोज संगणकाला जोडल्यावरही पात्र तसेच डावीकडे गेले.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधीने पहिलाच प्रश्न केला, "सर, तुम्ही विंडोज वापरता का?" मी लिनक्स वापरतो म्हटल्यावर, "मग प्रॉब्लेम तिथेच आहे," असे सांगून ते मोकळे झाले. विंडोजवरही हेच होते, असे मी सांगितले, तर ते ऐकून न घेता पुढचा प्रश्न आला, "रोज खेळता का?" मी म्हणालो, बहुतेक दिवस संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर खेळतो. त्यावर उत्तर मिळाले, "म्हणजे वापर जास्त आहे, सर. हे वॉरंटीत बसत नाही." खेळण्यासाठी विकलेली वस्तू रोज तासभर खेळण्यासाठी वापरली, यात जास्त वापर कोणता, हे मी विचारले. ते म्हणाले, "सिस्टीममध्ये तसंच लिहिलंय." वरिष्ठांशी बोलायचे आहे असे सांगताच मला होल्डवर ठेवण्यात आले आणि काही वेळाने फोन कट झाला. दिवसभराच्या कामानंतरचा तो तासभराचा खेळ हा माझा विसावा आहे. त्याचा माझ्याविरुद्ध पुरावा केला गेला, हे मला फार लागले.

त्याहून गंभीर बाब सेवा केंद्राच्या अहवालाची आहे. 'वापरकर्त्याच्या हाताळणीमुळे अंतर्गत नुकसान' असा शेरा मारून गेमपॅड परत आला. परंतु मागच्या बाजूला स्क्रूवर लावलेले आपलेच वॉरंटी सील जसेच्या तसे होते, त्याचा कोपराही उचललेला नव्हता. ते सील काढल्याशिवाय गेमपॅड उघडता येत नाही. मग आतले नुकसान पाहिले कोणी? पाठवण्यापूर्वीची आणि परत आल्यानंतरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

या दोषाचे कारण आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. पोटेन्शिओमीटरवर चालणाऱ्या स्टिकमध्ये धातूचा स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर घासत राहतो, पट्टी झिजते आणि मधल्या स्थितीचे वाचन ढळते. ही झीज रचनेतच आहे. चुंबक आणि हॉल सेन्सर, म्हणजे स्पर्शाविना चुंबकाची जागा ओळखणारा सेन्सर, वापरून ती टाळता येते. सेगाने १९९८ मध्ये जपानमध्ये आणलेल्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ही पद्धत वापरली होती. आपण स्वस्त पर्याय निवडलात, हा आपला व्यावसायिक निर्णय आहे, पण त्याची किंमत वॉरंटीच्या मुदतीत मी का मोजावी?

आपल्या ॲपमधून डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षिली जाते ती कक्षा, वाढवण्याचा जो सल्ला ईमेलवर मिळाला, तो मला मान्य नाही. डेडझोन वाढवला की ड्रिफ्ट झाकला जातो, पण झिजलेली पट्टी झिजलेलीच राहते आणि स्टिकच्या सुरुवातीच्या हलक्या हालचाली खेळापर्यंत पोहोचतच नाहीत. गाडीचे स्टिअरिंग किंचित वळवायचे असते, तेव्हा नेमक्या त्याच हालचाली लागतात. शिवाय ते ॲप फक्त विंडोजवर चालते आणि खाते उघडल्याशिवाय सुरूही होत नाही. मी घेतलेल्या वस्तूचे कॅलिब्रेशन करण्यासाठी मला माझा ईमेल पत्ता द्यावा लागतो, ही सक्ती मला अत्यंत अयोग्य वाटते.

मी अनेक वर्षे आपलीच उत्पादने घेत आलो आहे. आपल्या जुन्या वायर असलेल्या गेमपॅडची बटणे आजही घट्ट आहेत आणि त्याच विश्वासाने मी हा महागडा गेमपॅड घेतला. मित्रांनाही मीच सुचवला होता. आता त्यांना घेऊ नका असे सांगतो आहे आणि त्याचे मला वाईट वाटते.

पंधरा दिवसांच्या आत गेमपॅड बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी. दावा पुन्हा नाकारायचा असेल, तर गेमपॅड उघडून तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या सहीचा अहवाल आणि आतील भागाची छायाचित्रे पाठवावीत, कारण न उघडलेल्या वस्तूचा अहवाल मी स्वीकारणार नाही. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी त्यात अडचण येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

उत्तर लेखीच द्यावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, सेवा केंद्राचा अहवाल, सीलची छायाचित्रे, जेएसटेस्टच्या वाचनाचा व्हिडिओ